गालफुगी आणि वहिनीचे हात

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला अख्खं गाव वहिनी म्हणतं. पोस्टमन म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते, तिच्या वडिलांच्या वयाचा निवृत्त बसवालाही म्हणतो. मी तिची नणंद, वयाने बरीच मोठी, पण ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं. तिला त्याचं काही वाटत नाही. तिला कशाचंच फारसं काही वाटत नाही, टोमॅटो सोडून.

वहिनी रोपं करून विकते. घरामागे तिचं लांबट काचघर आहे. मूळ काचा निम्म्या उरल्या असतील, बाकी ठिकाणी प्लॅस्टिक ताणून बसवलंय. आत दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीच्या फळ्या, त्यांवर रोपांचे ट्रे, आणि मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. समोरून दुसरं कुणी आलं की दोघांपैकी एकाला मागे सरकावं लागतं, आणि ती एक व्यक्ती कधीच वहिनी नसते. कोबी, कांदा, झेंडू असलं सगळं ती लावते, पण लोक येतात ते गालफुगीसाठी.

गालफुगी हा तिचा स्वतःचा टोमॅटो. देठाशी चपटा, दोन्ही बाजूंनी फुगलेला, रुसून बसलेल्या पोराच्या तोंडासारखा. कितीतरी वर्षांपूर्वी साध्या टोमॅटोंच्या रांगेत असं एकच झाड निघालं. दुसऱ्या कुणी ते वेडंवाकडं म्हणून टाकलं असतं. हिने चाखून पाहिलं आणि बी धरलं. मग दरवर्षी त्यातली उत्तम फळं निवडायची, बी काढायचं, पुढच्या हंगामात पेरायचं. साल पातळ पण तडकत नाही, आंबटपणा जिभेला जागं करणारा. असा टोमॅटो बाजारात मिळत नाही, हे मी नणंद असूनही सांगते.

तिची एक रीत मात्र मला कधीच पटली नाही. निघालेलं सगळं बी ती पुढच्याच हंगामात पेरून टाकायची. राखून चिमूटभरही नाही.

"अगं, थोडं डब्यात ठेव," मी म्हणायची.

"डब्यात बी म्हातारं होतं, वन्सं. मातीत असलं की त्याला काम असतं."

मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. ऐकायचंच नाही असं ठरवलेला माणूस मला लांबून ओळखू येतो.

तिची दुसरी रीत म्हणजे हात. सकाळी उठल्यावर केससुद्धा न विंचरता ती काचघरात जायची आणि प्रत्येक ट्रेवरून तळहात फिरवायची. एकदा इकडून, एकदा तिकडून, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. आणि हा नुसता लाड नव्हता बरं का. काचघरात वारा नसतो, त्यामुळे रोपं उंचच उंच आणि लेचीपेची होतात. त्यांना रोज थोडं हलवलं, वाकवलं की ती ठेंगणी आणि दणकट होतात. हे मी एका मासिकात वाचलं आणि कौतुकाने तिला सांगायला गेले.

"बरं झालं, त्यांनाही कळलं," एवढंच ती म्हणाली.

त्या वर्षी हंगाम तोंडावर आला असताना टोमॅटोच्या काही रोपांची पानं विचित्र दिसायला लागली. हिरव्यात फिकट हिरवे डाग, जणू कुणी अर्धवट रंगवून सोडलीत. काही ठिकाणी पान पसरायचं सोडून नेच्यासारखं बारीक, चिंचोळं होऊन वळलेलं. वहिनीने खत दिलं. फरक नाही. मग म्हणाली, "लाडाला कमी पडली असतील," आणि दिवसातून दोनदा हात फिरवायला लागली. आठवडाभरात डाग या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचले. काचघराच्या मागच्या अंगाला बियासाठी आधीपासून वाढवलेली मोठी गालफुगीची झाडं होती, फळांनी लगडलेली. त्यांच्या शेंड्यांवरही तेच.

शेवटी मीच कृषी प्रयोगशाळेत फोन लावला. वहिनीच्या भरवशावर बसले असते तर तिने रोपांना अंगाई म्हटली असती.

आली ती एक तरुण मुलगी, पाठीवर बॅग, तोंडावर झोप. आम्ही तिला लगेच डॉक्टरीणबाई करून टाकलं. दाराशीच थांबून तिने बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, हातमोजे घातले. तोवर वहिनी आत जाऊन "ही बघा, ही सगळ्यात आधी बिघडली" असं म्हणत ट्रेवरून हात फिरवत होती.

"मावशी! हात वर!"

वहिनीने दरोडा पडल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"तसेच ठेवा. कशालाही लावू नका. आजी, तुम्हीही नाही."

"आजी कुणाला म्हणतेस? बाई म्हण," मी म्हणाले. पण हात मागे घेतले.

तिने एक पान छोट्या पिशवीतल्या पाण्यासारख्या द्रवात कुस्करलं, त्यात कागदाची बारीक पट्टी बुडवली आणि आम्ही चौघं ती पट्टी बघत उभे राहिलो. चौथा माझा भाऊ. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून तो बायकोच्या हाताखाली आहे. ट्रे उचलणं, पाणी घालणं, पाईप गुंडाळणं ही त्याची खाती.

पट्टीवर एक रेघ उमटली. मग सावकाश दुसरी.

"गरोदरपणाच्या चाचणीसारखं आहे की हे," मी म्हणाले.

"तसंच आहे, बाई. फक्त इथे दोन रेघा आल्या की अभिनंदन करायचं नसतं." तिने पट्टी उजेडात धरली. "मोझॅक. विषाणूजन्य रोग. आता एक सांगा, इथे तंबाखू कोण ओढतं?"

आमच्या नजरा एकदम भावाकडे गेल्या. त्याने हात खिशात घातले.

"मी? छे! सोडून जमाना झाला."

हे खरं होतं, म्हणजे आम्हाला खरं वाटत होतं. डॉक्टरांनी दम दिल्यावर त्याने सिगारेट सोडल्याचं घरभर जाहीर केलं होतं आणि सगळ्यांकडून शाबासकी उकळली होती.

"काका, बोटं दाखवा."

दाखवली. उजव्या हाताची दोन बोटं पिवळीधमक.

"ते दाराला रंग दिला ना, त्याचं..."

"दार निळं आहे," वहिनी म्हणाली. हात अजून वर होते.

मग सगळं बाहेर आलं. काचघरामागच्या पाईप ठेवायच्या खोलीत तो सुट्या तंबाखूच्या सिगारेटी वळून ओढत होता आणि तिथून थेट ट्रे उचलायला येत होता.

"म्हणजे रोज 'पाईप गुंडाळून आलो' म्हणायचात, ते हे?"

"पाईपही गुंडाळत होतो गं."

माझा भाऊ खोटं बोलत नाही. सांगतो ते खरंच असतं, फक्त निम्मं.

डॉक्टरीणबाई मुलगी न्यायी होती. तिने सगळं त्याच्या माथी मारलं नाही. म्हणाली, "शपथेवर नाही सांगता येणार. बियातूनही आला असेल, एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातावरूनही. पण हा विषाणू तंबाखूच्या पानात असू शकतो, वाळली तरी तग धरतो, सिगारेटीतूनही बोटांवर येतो. त्याला झाडात शिरायला मोठी जखम लागत नाही. पानावर बारीक लव असते, ती मोडली तरी दार उघडलं. आणि मावशी, तुम्ही रोज तळहात फिरवता तेव्हा..."

"मोडते," वहिनी म्हणाली.

"मोडते. एका रोपाचा रस हाताला, हाताचा पुढच्या रोपाला. काकांनी पाहुणा आणला असेल, पण घरोघर त्याची ओळख तुम्ही करून दिलीत."

वहिनी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. हात मांडीवर, तळवे वर. इतकी वर्षं तिला ओळखते, पण ते हात रिकामे पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"औषध सांगा," ती म्हणाली.

"बुरशीला औषध असतं, किडीला असतं. याला नसतं. हा एकदा आत शिरला की झाड त्याचंच होतं. झाड मरत नाही लगेच, रडतखडत जगतं आणि शेजाऱ्यांना देत राहतं. म्हणून उपटायचं."

"कोणतं?"

"टोमॅटोचं सगळं."

"मोठी झाडंसुद्धा?"

"ती तर आधी."

आता ज्याला अजून कळलं नसेल त्याच्यासाठी सांगते. डब्यात बी नव्हतं. गेल्या वर्षीचं शेवटचं बी या ट्रेंमध्ये आणि त्या मोठ्या झाडांत गेलं होतं. गालफुगी नावाची चीज जगात जेवढी होती तेवढी या एका काचघरात उभी होती, आणि तिला उपटायचा हुकूम झाला होता. 'मी तुला सांगितलं होतं' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ती बादलीवर बसलेली असताना ते बोलणं बरं दिसलं नसतं.

डॉक्टरीणबाईने एक दिवसाची मुदत दिली. त्या दिवशी वहिनीने फोन कानाला लावला तो काढलाच नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही बी राखलं नव्हतं का? पोस्टमनने नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेने नाही. बसवाल्याचा आवाज तर फोनबाहेर मला ऐकू येत होता.

"बी? मी कशाला ठेवू बी? तू आहेस ना!"

सगळ्यांचं उत्तर तेच. तू आहेस ना. ती म्हणजे गावाचा बियांचा डबा, आणि त्या डब्यात काय आहे हे एकानेही उघडून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईलाच फोन केला. "मोठ्या झाडांवर फळं आहेत. काही रंगावर यायला लागलीत. ती तोडून घरात पिकवली तर?"

पलीकडून उत्तर आलं. "पिकतील. बीही उगवेल. हा विषाणू बियाच्या आत सहसा जात नाही, वरच्या सालीवर चिकटून बसतो. नीट धुतलं तर बहुतेक निघतो."

"बहुतेक?"

"बहुतेक, मावशी. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली. फोन ठेवून ती जेवायला बसली आणि चांगली जेवली. तिचं असंच आहे. करायला काही मिळालं की तिची भूक परत येते.

दुसऱ्या दिवशी उपटणी. ज्या झाडांवर रोग कमी दिसत होता अशी दोन डॉक्टरीणबाईने निवडून दिली, त्यांची रंगावर आलेली फळं वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवायला सांगितली. भाऊ म्हणाला, "मी उपटतो, तुला बघवणार नाही."

"तुम्ही लांब उभे राहा. तुमच्या बोटांनी बरंच काम केलंय."

तिनेच उपटली. मला वाटलं होतं रडेल. ती तर प्रत्येक रोपाला ओरडत होती. "चल, तूही चल. तुला काय वेगळं आमंत्रण हवंय?" पिशव्या भरल्या, तोंडं बांधली, जाळायला पाठवल्या. ट्रे टाकले. फळ्या, सुऱ्या, दाराच्या कड्यासुद्धा घासून काढल्या. दाराशी एका वाडग्यात साय काढलेलं दूध ठेवलं. झाडांना हात लावण्याआधी त्यात बुडवायचे, म्हणजे हातावरचा विषाणू पुढे जाणं पुष्कळ कमी होतं. हे माझं शास्त्र नाही, डॉक्टरीणबाईचं. भाऊ कुरकुरला, "माझा चहा कोरा आणि कोबीला दुधाचे हात!"

"तंबाखू सोडा, चहात दूध येईल," वहिनी म्हणाली. तडजोडीला जागा ठेवली नाही.

फळं शेजारच्या माझ्या घरी, स्वयंपाकघरात पिकली. माझ्याकडे कुणी तंबाखू ओढत नाही आणि कुणी लाड करत नाही, म्हणून ती जागा सुरक्षित ठरली. पिकल्यावर बी काढलं, गर धुवून टाकला, मग साफसफाईला वापरतात त्या ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात भिजवायचं. वजन मी केलं, घड्याळ मी धरलं.

"नीट ढवळ," मी म्हणाले.

तिने हात घातला.

"चमचा! चमचा वापर, बाई!"

"चमच्याला काय कळतंय?"

"नेमकं तेच हवंय!"

नळाखाली धुवून धुवून बी स्वच्छ झालं, कागदावर वाळलं, आणि नव्या ट्रेंमध्ये, विकतच्या नव्या मातीत पेरलं. एका झाडाचं बी एका ट्रेमध्ये, दुसऱ्याचं दुसऱ्यात. ट्रे माझ्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी ठेवले. उगवलं, छान उगवलं.

खरी पंचाईत पुढे. वहिनीला वर येऊ द्यायचं आणि हात लावू द्यायचा नाही. तिने एप्रनच्या खिशांत हात कोंबायचे असं ठरलं. ती यायची, खिशांत हात, मान पुढे, आणि रोपांशी बोलायची. मधेच एक खिसा हलायचा. मी चष्म्यावरून बघायची. खिसा शांत व्हायचा.

पण हात नाही, वारा नाही, त्यामुळे रोपं उंच व्हायला लागली. "बघा, कशी बांबूसारखी चाललीत," ती कळवळली. "हात नाही तर नाही, पण कुणीतरी हलवायला हवं त्यांना."

यावरचा तोडगा तिचाच. दुसऱ्या दिवसापासून माझा भाऊ, हातमोजे घातलेला, सकाळ-संध्याकाळ एक भला मोठा पुठ्ठा घेऊन रोपांना वारा घालायला लागला. पुठ्ठा दोन्ही हातांनी धरावा लागतो. सिगारेट वळायला हात मोकळा राहत नाही. नंतर दंड इतके दुखायचे की पाईपच्या खोलीपर्यंत जायचा उत्साहही राहत नव्हता.

"राजाला वारा घालतात तसं वाटतंय," तो म्हणाला.

"राजा ट्रेमध्ये आहे. तुम्ही घाला," वहिनी म्हणाली.

रोपांना चांगली पानं फुटली तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा आली. या वेळी तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. वाटेत मला हळूच म्हणाली, "बाई, मलाही जरा धाकधूक वाटतेय." मला ती मुलगी तेव्हाच आवडली.

पहिल्या ट्रेतली पानं घेतली, कुस्करली, पट्टी बुडवली. एक रेघ. आम्ही श्वास सोडतच होतो, तेवढ्यात दुसरी आली. फिकट, पण आली.

भावाने पुठ्ठा खाली ठेवला.

दुसरी पट्टी. एक रेघ. आम्ही बघत राहिलो. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. पट्टीवर काही हललं नाही. डॉक्टरीणबाईने घड्याळ पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली, वेगवेगळ्या रोपांची पानं घेऊन आणखी पट्ट्या बुडवल्या. सगळ्यांवर एकेकच रेघ.

"हा ट्रे स्वच्छ आहे," ती म्हणाली. "थोड्या दिवसांनी पुन्हा तपासू, पण आज तरी..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनीने हातमोजे चढवून पहिला ट्रे पिशवीत घातला होता आणि ती गाठ मारत होती.

"अहो मावशी, थोडं थांबायचं! आत्ताच कळलंय, जरा..."

"रोगी ट्रे बघत बसून काय करू? तुम्हीच सांगितलंत ना, शेजाऱ्यांना देत राहतं." गाठ घट्ट ओढून तिने पिशवी भावाच्या हातात दिली. मग हातमोजे काढून दुसऱ्या ट्रेसमोर उकिडवी बसली, हात बगलेत दाबून, आणि म्हणाली, "बरं का, गालफुग्यांनो, आता उरलात ते तुम्हीच."

पुढची तपासणीही स्वच्छ निघाली. हंगाम उशिरा का होईना, उरला होता. फाटकाशी माणसं जमली. वहिनीने एकाच दिवसात ठरवलं आणि ठरवलं तसं सांगितलं. या वर्षी गालफुगी विकायची नाही. प्रत्येकाला दोन रोपं, फुकट, पण बोलीवर. मोसम संपताना एका फळाचं बी काढून, वाळवून, कोरड्या डब्यात घरी ठेवायचं. परत तिच्याकडे आणायचं नाही. आपापल्या घरी.

"आणि तुझ्याकडे?" मुख्याध्यापिकेने विचारलं.

"माझ्याकडेही डबा असेल. पण मी एकटीच कशाला? माझ्या काचघरात साथ आली की साऱ्या गावाचा टोमॅटो जायचा, हे आता नको."

मी ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं.

रांगेत बसवाला पहिला. दुधात हात बुडवायला लावले तेव्हा त्याने वाडग्याकडे आणि वहिनीकडे आळीपाळीने पाहिलं, पण बुडवले.

"बी ठेवायचं म्हणजे कोणत्या फळाचं?" त्याने विचारलं.

"सगळ्यात उत्तम येईल त्याचं."

"म्हणजे सगळ्यात उत्तम मी खायचं नाही?"

"खा की. बी काढून घ्या आणि उरलेलं खा."

"पण बियाला पूर्ण पिकू द्यायचं म्हणजे तोवर झाडावरच ठेवायचं. समोर दिसतंय आणि तोडायचं नाही? वहिनी, तू मला ओळखतेस. मी नाही राहायचो."

"मग दोन रोपं परत करा."

त्याने रोपं छातीशी धरली, दुधाच्या ओल्या हातांनी. "परत कशाला? बायकोला सांगतो पहारा ठेवायला."

"तुमच्या बायकोलाच द्या ती," वहिनी म्हणाली. "पुढचा कोण?"